गहाळ वीज

९ जानेवारी

नव्या डब्याचं काम आज अधिकृतपणे माझ्या गळ्यात पडलं, म्हणून ही वही. मागच्या वेळी काम संपल्यावर लोक विचारायला लागले, अमुक ठिकाणी तमुक का केलंत, आणि मला काही केल्या आठवेना. या वेळी काही घडलं की लिहून ठेवायचं. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे शिव्याही लिहिता येतील.

डबा म्हणजे पॉवर सप्लाय. डेटा सेंटरच्या हॉलमध्ये कपाटांच्या रांगा असतात, कपाटांत सर्व्हर आणि प्रत्येक कपाटाच्या तळाशी आमच्यासारख्या कुणाचा तरी डबा. बाहेरून वीज घ्यायची आणि सर्व्हरला पचेल अशी करून द्यायची, एवढंच त्याचं काम. हे करताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. ती जितकी कमी जाईल, तितका डबा विकला जातो.

आमच्या मालकांना आम्ही पाठीमागे 'वजाबाकी' म्हणतो. कुठलंही डिझाइन समोर ठेवलं की त्यांचा पहिला प्रश्न, "यातून काय काढता येईल?" आज त्यांनी बोट ठेवलं ते प्रवाह मोजणाऱ्या रेझिस्टरवर. म्हणाले, "आत येणारी वीज मोजायला हा मधे बसवायचा आणि मोजता मोजता हाच वीज खाणार. वाढप्यानेच आधी जेवून घ्यायचं, असला प्रकार." बोलणं खोटं नाही.

मी सुचवलं, रेझिस्टर काढूनच टाकू. वीज आत आणणारी तांब्याची जाड पट्टी तशीही असतेच. तिच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज किती पडतं ते पाहिलं की प्रवाह कळतो, फुकटात. अडचण एकच आहे. तांबं तापलं की त्याचा विरोध वाढतो आणि प्रवाह आहे त्यापेक्षा जास्त दिसायला लागतो. म्हणून पट्टीला तापमान मोजणारा एक छोटा मणी चिकटवायचा आणि पट्टी जितकी तापेल त्या मानाने आकडा खाली आणायचा. वजाबाकी खूश झाले. खुर्चीतून उठून दारापर्यंत सोडायला आले, हे मी या कंपनीत पहिल्यांदाच पाहिलं.

२६ जानेवारी

टिल्लू जेवायला आला होता. माझा धाकटा भाऊ. उंची सहा फूट, पण लहानपणी पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव फक्त ओळखपत्रावर उरलंय. तो आला की आईचे गुडघे दुखायचे थांबतात आणि भांड्यांचा आवाज वाढतो. मी रोज तिच्यासोबत राहते, माझ्यासाठी गुडघे दुखतातच.

ज्या डेटा सेंटरची ऑर्डर आम्हाला मिळायची आहे, तिथेच तो टेक्निशियन आहे.

"ताई, आमच्याकडे तुझे डबे येणार म्हणे."

"माझे नाहीत, कंपनीचे."

"मी तर सगळ्यांना सांगून बसलोय, माझ्या बहिणीचे म्हणून."

"आधी बनू तर देत. आणि गावभर करू नकोस. उद्या काही बिघडलं तर लोक तुलाच धरतील."

"तू केलेलं बिघडतं होय?" तो आईकडे बघून म्हणाला. "आई, आठवतं का, हिने माझी सायकल खोलून जोडली होती, तेव्हा चार स्क्रू उरले होते. तरी सायकल आधीपेक्षा जोरात पळायची."

आई हसता हसता खोकायला लागली. चांगला गेला दिवस.

१४ फेब्रुवारी

आज मण्याला बेघर केलं. ग्राहकाला मोठा कनेक्टर हवाय. त्याचा बोल्ट नेमका पट्टीवर मण्याच्या जागी येतो. दोन दिवस डोकं आपटून पाहिलं, पण जागा सापडत नाही. शेवटी मणी अंगठाभर बाजूला, डब्यातल्या तारेच्या वेटोळ्याच्या, म्हणजे कॉइलच्या शेजारी सरकवला. कॉइल तापते तेव्हा पट्टीही तापतेच. एवढ्याशा डब्यात दोन हवामानं थोडीच असणार.

तारीख पुढे ढकलली असती तर वजाबाकींनी आधी माझं डोकं वजा केलं असतं.

६ मार्च

आनंदाची बातमी, म्हणून हातातलं सोडून लिहिते आहे.

पूर्ण लोडवर डबा दिवसभर चालवला. आमचं मोठं पॉवर मीटर कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे त्याचेच आकडे तपासून घ्यायला, बाहेर गेलंय आणि यायला वेळ आहे. पण अडून बसायचं कारण नव्हतं. डबा स्वतःच आत येणारी वीज मोजतो, तोच आकडा घेतला. थंड डब्याचं मोजमाप मीटर जायच्या आधीच तपासून ठेवलं होतं, काट्यावर काटा होता.

कार्यक्षमता आम्ही ठरवली होती त्यापेक्षा जास्त निघाली. आणि गंमत म्हणजे डबा तापत गेला तशी ती चढत गेली. साधारणपणे तापल्यावर उतरते. आमची चढली! मी तीनदा आकडेमोड करून पाहिली. असं का होत असावं यावर एक छोटा लेख लिहावा असं मनात आहे.

वजाबाकींनी सगळ्यांना चहा पाजला. बिस्किटं मात्र वजा होती.

४ एप्रिल

ऑर्डर मिळाली, डबे गेले आणि हॉलमध्ये बसलेही. जुने डबे काढून एकेका रांगेत नवे बसवले. बसवणाऱ्यांत टिल्लू सगळ्यात पुढे होता. त्याच आठवड्यात त्याला हॉलचा इनचार्ज केलं. आईने शेजारपाजारी फोन करून एवढ्या लोकांना सांगितलं, की शेवटी मीच तिच्या हातातून फोन काढून घेतला.

तिथल्या मॅनेजरशीही ओळख झाली. नीटनेटका माणूस, हळू बोलतो, समोरच्याचं वाक्य कधी तोडत नाही. मला असे लोक आवडतात.

२२ मे

मॅनेजरचं पत्र आलं. इमारतीचं मुख्य मीटर सांगतं तेवढी वीज हॉलमध्ये जाते. सगळ्या डब्यांचे आकडे मिळून त्याच्याइतके व्हायला हवेत, पण भरत नाहीत. शंभरातले चार भाग कुठे जातात ते कळत नाही. आधी दोन्ही आकडे जुळायचे. महिनाअखेरीला ते लोक दोन्ही ताडून बघतात आणि एप्रिलपासून फरक पडतोय. आमच्या डब्यांचं मोजमाप बरोबर आहे ना, असं त्यांनी विचारलंय, अगदी सभ्य भाषेत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता वीज हरवली तर तीही आम्ही शोधून द्यायची! पण चिडून चालत नाही. मोठं मीटर परत आलंय. उद्या तपासते.

२३ मे

तपासलं. त्याच मालातला एक डबा टेबलावर घेतला, चालू केला, शेजारी मीटर ठेवलं. थोडा लोड, अर्धा लोड, पूर्ण लोड. दोन्ही आकडे सख्ख्या भावंडांसारखे सारखे. पाच मिनिटांत काम आटोपलं. डबा नीट कोमटही झाला नव्हता, तोवर बंद करून खोक्यात परत.

मग मॅनेजरला लिहून दिलं की मोजमाप अचूक आहे, आणि खाली माझी सही केली. मोजमाप बरोबर असेल तर वीज खरंच कुठेतरी जात असणार. डब्यांना वळसा घालून कुणीतरी ती घेतंय. हे त्यांना पत्रात लिहिलं नाही, फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही मोठीच मदत केलीत."

८ जून

टिल्लू तीन रविवार आलेला नाही. आज आला तो अर्धवट जेवून उठला. डोळे लाल. आईने विचारलं तर म्हणे काम आहे. ड्यूटी संपल्यावरही हॉलमध्येच असतो. मी विचारलं, ड्यूटी संपल्यावर कसलं काम? तर नजर चुकवली.

जाताना जिन्यात म्हणाला, "ताई, डब्यांचं टेस्टिंग तूच केलं होतंस ना?"

"मग काय शेजारणीने केलं?"

"नाही, म्हणजे, स्वतः?"

"स्वतः. आणि नंतर परत एकदा केलं. लिहून दिलंय तुझ्या मॅनेजरला."

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला, आणि खाली उतरला. पण त्याचा चेहरा काही प्रश्न मिटल्यासारखा नव्हता.

१३ जून

कुठेतरी पाणी मुरतंय. हे लिहायचं की नाही, यावर आजचा सगळा दिवस गेला.

मॅनेजरने मला भेटायला बोलावलं होतं. म्हणाले, कंपनीची इंजिनिअर म्हणून नाही, घरची मोठी म्हणून सांगतो. हॉलमधल्या मागच्या खोलीत एक जुना सर्व्हर सापडला, कुठल्याच यादीत नसलेला. टिल्लू म्हणतो, भंगारात निघाला होता, घरी न्यायला ठेवला होता, तोंडी परवानगी होती. ज्यांनी परवानगी दिली म्हणतो, ते नोकरी सोडून गेलेत. ड्यूटीनंतर तो हॉलमध्ये थांबतो, याच्या नोंदी दरवाज्याच्या यंत्रात आहेत. का थांबतो, विचारलं तर सांगतो, "हरवलेली वीज शोधतोय."

"एका सर्व्हरने एवढा फरक पडत नाही," मी म्हटलं. तेवढं तरी म्हटलं.

"एक सापडला," ते म्हणाले. "बाकीचे त्याने हलवले असणार. आजकाल लोक लपवून मशिनं लावतात आणि त्यावर ती इंटरनेटवरची आभासी नाणी छापतात, ऐकलं असेल तुम्ही. आणि मॅडम, एप्रिलपासूनच हे सुरू झालं. तो इनचार्ज झाला तेव्हापासून."

मी घरी चालत आले. टिल्लूला मशिनांचं वेड पहिल्यापासून आहे. त्याच्या खोलीत पलंगाखाली दोन जुने सर्व्हर आहेतच, पाय ठेवायला जागा नाही. खूप पूर्वी शाळेच्या प्रयोगशाळेतली मोटर दप्तरात घालून घरी आणली होती. परत नेऊन दिली, ती गोष्ट वेगळी. मी त्याला लहानाचं मोठं केलं. पण आकडा माझ्यासमोर आहे, मीच काढलेला. वीज हवेत विरत नाही.

१४ जून

आईला सांगावं लागलं. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली.

"तू त्याला विचारलंस?"

"विचारायचं काय, आई? आकडे समोर आहेत."

"आकड्यांना नको विचारू. त्याला विचार."

तिला विजेतलं काय कळतं, असं म्हणून मी आत गेले. आता वाईट वाटतंय. पण तिला खरंच कळत नाही.

१७ जून

विचारलं. त्याच्या खोलीवर गेले. पलंगावर बसवून त्याने पाणी दिलं, मी ग्लास हातातच धरून राहिले.

मला विचारायचं होतं, "तू केलंस का?" तोंडून निघालं, "कुठे लपवलीयेस मशिनं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की क्षणभर मलाच वाटलं काहीतरी चुकलं. मग म्हणाला, "ताई, मी सगळा हॉल पालथा घातला. प्रत्येक केबल हाताने तपासली. फरशीखाली घुसून पाहिलं. कुठेच काही नाही."

"मग वीज जाते कुठे?"

"तेच कळत नाही." आणि थोड्या वेळाने, "तुझा आकडा नक्की बरोबर आहे?"

एवढं होऊनही त्याने माझ्या कामावर बोट ठेवलं, याचा मला फार राग आला. मी म्हटलं, "नक्की. शंभर टक्के."

"बरं," तो म्हणाला. पुढे वाद घातला नाही. निरपराध माणूस वाद घालतो, आरडाओरडा करतो. हा गप्प बसला. घरी येताना रस्ताभर मला तेच खुपत होतं.

२४ जून

झालं एकदाचं.

मॅनेजरची खोली काचेची आहे, बाहेरचे सगळे बघत असतात. त्यांनी दोन रस्ते ठेवले. एकतर पोलिसांत जायचं, नाहीतर लिहून द्यायचं की हॉलमधली वीज मी माझ्या खाजगी मशिनांसाठी वापरली, आणि राजीनामा. दुसऱ्या रस्त्याने प्रकरण तिथेच मिटेल, पोलिस नाहीत, बोभाटा नाही.

टिल्लू म्हणाला, "मी केलेलं नाही."

मॅनेजर त्याचं वाक्य पूर्ण होऊ देऊन थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी त्याला बाहेर घेऊन गेले, पाण्याच्या मशिनपाशी. मी व्यवहारी बाई आहे. पोलिसांत गेलं तर काय होतं ते मी त्याला सांगितलं. आईचं वय सांगितलं. कोर्टात माझंच पत्र वाचतील हे सांगितलं. म्हटलं, "सही कर आणि मोकळा हो. माणूस एकदा चुकतो. आपण दुसरीकडे बघू."

"तुला वाटतं मी केलं?"

"मला काय वाटतं याला अर्थ नाही."

त्याने आत जाऊन सही केली. मॅनेजरने त्याच्या गळ्यातली ओळखपत्राची दोरी मागितली. ती काढताना त्याच्या केसांत अडकली, मी सोडवून दिली.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, घरी चल. म्हणाला, "आज नको." आणि बसस्टॉपच्या उलट दिशेने चालायला लागला. मला रडू आलं, पण खरं सांगायचं तर जीव भांड्यातही पडला. पोलिसांचं टळलं.

२७ जून

जमेल तसं लिहिते.

आज सकाळी पंख्याच्या आवाजाच्या एका तक्रारीसाठी डबा पूर्ण लोडवर लावला. मोठं मीटर आधीपासून जोडलेलंच होतं, काढायचा कंटाळा म्हणून राहू दिलं. मग मीटिंगला गेले, ती लांबली. परत येऊन पाहते तर दोन्ही आकडे वेगळे. डब्याचा आकडा कमी, मीटरचा जास्त.

आधी मीटरला शिव्या दिल्या. दुसरं मीटर आणून लावलं. तेही तेच म्हणायला लागलं.

मग झाकण काढून पट्टीला वेगळा तापमापक लावला. पट्टी फारशी तापलेली नव्हती. पंख्याची हवा थेट तिच्यावर येते. मणी मात्र कॉइलच्या कुशीत बसून भाजत होता. त्याला वाटतं पट्टी तापली, म्हणून आकडा खाली आणा. आणि डबा आज्ञाधारकपणे आकडा खाली आणत होता. डबा बंद केला, पूर्ण निवू दिला, परत चालू केला. सुरुवातीला आकडे सारखे. मग हळूहळू फाकत गेले. शंभराला चार.

मार्चमध्ये कार्यक्षमता चढली नव्हती. आत येणारी वीज कमी दिसत होती, एवढंच. मी लेख लिहिणार होते त्यावर.

वीज कुठेच गेली नव्हती. कुणी काहीच घेतलं नव्हतं. माझा टिल्लू.

२८ जून

वजाबाकींना सगळं सांगितलं, भावासकट. ते डोकं धरून बसले. मला खरंच वाटलं नव्हतं त्यांना इतकं लागेल. मग उठून दार लावलं.

म्हणाले, मणी हलवता येणार नाही, पण मणी किती तापला की आकडा किती खाली आणायचा, तो डब्याच्या प्रोग्राममधला दुरुस्तीचा तक्ता बदलता येईल. नवा तक्ता इथून बसल्याबसल्या सगळ्या डब्यांत पाठवता येतो. नेहमीचं अपडेट म्हणून जाईल. "आधी दुरुस्ती करू, मग सांगू. घर पेटल्यावर आधी पाणी मारतात, आग कुणी लावली ते मागाहून. आणि आत्ता बोललात तर हा माल परत येईल, कंपनी उठेल. चाळीस घरं आहेत या कंपनीवर. तुमच्या भावाचं आपण नीट करू, मी स्वतः मॅनेजरशी बोलेन."

मला पटलं. पटलं म्हणजे, मी पटवून घेतलं. चूक दुरुस्त करून मग सांगणं हेच जबाबदारीचं आहे. नुसती वाईट बातमी घेऊन कुणाच्या दारात कशाला जायचं?

३० जून

नवा तक्ता गेला. सगळ्या डब्यांनी तो घेतला. तीन दिवस इथेच पडून होते मी, तक्ता मीच केला. काम मात्र चांगलं झालं आहे, गरम-थंड कुठेही आता फरक पडत नाही.

उद्या मॅनेजरला भेटते.

७ जुलै

वजाबाकी म्हणतात, आठवडाभर थांबू, नवा तक्ता नीट चालतोय याची खात्री होऊ दे. रास्त आहे.

टिल्लू फोन उचलत नाही. आईला म्हणे एक-दोनदा केला होता, मी ऑफिसात असताना.

१६ जुलै

वजाबाकी बाहेरगावी. ते स्वतः बोलणार होते ना, म्हणून थांबले.

आईचा आणि माझा अबोला आहे, असं नाही. ती बोलते. भात आहे, दूध संपलं, असं बोलते.

४ ऑगस्ट

सकाळी मॅनेजरचाच फोन आला. आवाजात हळुवारपणा होता. म्हणाले, तुम्हाला सांगावं की नाही, कळत नव्हतं. जुलैचे आकडे ताडून झाले. मुख्य मीटर आणि डबे, दोन्ही तंतोतंत जुळले. "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या भावाला काढलं आणि गळती थांबली. पहिलाच पूर्ण महिना. तुम्ही त्या वेळी भावनेत वाहून गेला नाहीत, याचं मला फार कौतुक आहे."

मी कुणाला न विचारता उठून गेले. काचेच्या खोलीत बसून त्यांना सगळं सांगितलं, मणी, कॉइल, पट्टी, तक्ता. त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी हळूच विचारलं, "हे तुम्ही आत्ता का सांगताय?"

"कारण हे खरं आहे."

"मॅडम, तुम्ही बहीण आहात. मी समजू शकतो." त्यांनी फाईल काढली. "मोजमाप अचूक आहे, हे तुम्हीच लिहून दिलंय. चोरी झाली, हे त्यानेच लिहून दिलंय. न केलेली गोष्ट कुणी का कबूल करेल? आणि तो गेल्यावर ती थांबली."

"तक्ता बदलला म्हणून थांबली. माझ्याकडे लॅबमध्ये जुना तक्ता असलेला डबा आहे. या, दाखवते."

"लॅबमध्ये काहीही दाखवता येतं. माझ्या हॉलमधला एक तरी डबा तसा आहे का?"

नाही. मी सगळ्यांना नवा तक्ता पाठवला होता. एकही सुटला नव्हता.

"मी वर कळवून बसलोय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी माझी नजर चुकवली. "आता हे उकरून काढण्यात कुणाचंच भलं नाही."

वजाबाकींना फोन केला. ते म्हणाले, कंपनीच्या नावाने काही लिहून देता येणार नाही, वकिलांनी तसं सांगितलंय. मी राजीनामा देईन म्हटलं तर म्हणाले, जशी तुमची इच्छा.

१० ऑगस्ट

टिल्लू एका गोदामात खोकी उतरवतो. एकाही डेटा सेंटरने त्याला दारात उभं केलं नाही. सगळे आधीच्या ठिकाणी फोन करून विचारतात. आईकडून पत्ता घेतला. तिच्याकडे तो पहिल्यापासून होता, मी मागितला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर आला. खांदे रुंद झालेत, चेहरा बारीक. आम्ही गोदामाच्या मागे सिमेंटच्या कट्ट्यावर बसलो. मी सांगायला सुरुवात केली आणि थांबलेच नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. वीज कुणीच घेतली नव्हती, हे ऐकल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"म्हणजे माझ्या हॉलमध्ये काही नव्हतं."

"काहीच नव्हतं."

"मला वाटायचं, माझ्याच नजरेतून सुटतंय. तू नक्की म्हणालीस, म्हणजे ती कुठेतरी असणारच. माझाच हॉल आणि मलाच सापडत नाही. मग वाटलं, मीच कुठेतरी काहीतरी चालू ठेवलं असेल आणि विसरलो असेन. सही केली तेव्हा मला तसंच वाटत होतं."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याने ठेवू दिला. मग मी नवा तक्ता, मॅनेजर, फाईल, सगळं सांगितलं. म्हटलं, मी प्रयत्न केला रे, पण आता त्या हॉलमध्ये दाखवायला काही उरलं नाही.

तो विचार करत होता. टेक्निशियन आहे, असा गप्प बसला की क्रम लावत असतो.

"तुला कळलं कधी?"

"जून संपता संपता."

"आणि नवा तक्ता?"

"तीस तारखेला गेला."

"म्हणजे आधी कळलं, मग तक्ता."

"हो."

"तेवढ्या दिवसांत हॉलमधले सगळे डबे तसेच चालू होते. तू नुसतं मीटर घेऊन आली असतीस तरी त्यांना दिसलं असतं."

"हो."

आतून कुणीतरी हाक मारली, सुट्टी संपली होती. तो उठला, पँट झटकली. मला वाटलं, आता तो ओरडेल, आणि ओरडावंच असं मला वाटत होतं.

"तारखांचं आईला सांगू नकोस," तो म्हणाला. "वीज गेली नव्हती, एवढंच सांग. तिला एक तरी पोर नीट राहू दे."

आणि आत गेला.

घरी आले तर आई दारातच उभी होती. वीज गेली नव्हती, एवढं मी तिला सांगितलं. तिने माझा हात धरला, कितीतरी दिवसांनी. "मग तो काय म्हणाला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. बरा आहे."